सतरा नंबरच्या अव्वा

१९७६ च्या एप्रिलमधल्या एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, सोलापुरातल्या एका रुग्णालयात चाललेल्या औषधाच्या चाचणीतून सतरा नंबरच्या रुग्णाला ‘पूर्ण बरी’ असा शेरा देऊन मोकळे करण्यात आले. त्या वेळी त्यांच्या अंगात एकशे तीन ताप होता. शेरा डॉक्टरांनी सांगितला. कार्डावर तो मी लिहिला.

सतरा नंबर म्हणजे अव्वा. कानडीत अव्वा म्हणजे आई. भवानी पेठेत त्यांची खानावळ होती आणि जेवायला येणारे सगळे त्यांना याच नावाने हाक मारत. खरे नाव कार्डावर होते, पण ते कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. वय पंचावन्नच्या आसपास, माहेर अक्कलकोटच्या बाजूचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. नवऱ्याला जाऊन वीस वर्षे झाली होती. मी त्या वेळी अजून वर्तमानपत्रात लागलो नव्हतो. चाचणीच्या नोंदी ठेवणारा कारकून होतो आणि दोन्ही वेळा अव्वांकडे जेवत होतो. त्यांना चाचणीत आणण्याची कल्पना माझी. पुढच्या सगळ्या मनस्तापाची सुरुवात तिथे आहे.

चाचणी मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर होती. लघवीला जळजळ, पाठीत कळ, मधूनच थंडी वाजून ताप, अशी तक्रार पुन्हा पुन्हा घेऊन येणाऱ्या बायकांना दहा दिवस गोळ्या द्यायच्या. निम्म्यांना नव्या, निम्म्यांना जुन्या. दोन्ही दिसायला सारख्या, आणि कुणाला कोणत्या ते बंद पाकिटात. गोळ्या सुरू करण्याआधी लघवी तपासायची, गोळ्या संपल्यावर पुन्हा एकदा, आणि सहा आठवड्यांनी शेवटची. शेवटच्या दोन्ही वेळी जंतू वाढले नाहीत तर बाई बरी.

डॉक्टर पस्तिशीचे, मुंबईला शिकून आलेले, मोजके बोलणारे. त्यांनी हे सगळे अव्वांना समजावून सांगितले. अव्वांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“म्हंजे कुटली गोळी देताय ते तुमालाबी ठाव न्हाय?”

“नाही,” डॉक्टर म्हणाले.

“मग बरं हाय. तुमीबी डोळं झाकून, मीबी डोळं झाकून.”

आणि त्यांनी कागदावर कानडीत सही केली.

आजाराचे कारण शोधायला चाचणीची गरज नव्हती. अव्वा पहाटे पाचला अंघोळ करून चुलीपुढे बसत, त्या दुपारी अडीचला शेवटची पंगत उठेपर्यंत जागच्या हलत नसत. संडास गल्लीच्या टोकाला, सहा घरांत मिळून एक. तिकडे जाऊन आले की पुन्हा अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. तीस माणसांच्या भाकऱ्या अर्ध्यावर टाकून अंघोळीला जाता येत नाही, म्हणून तिकडे जायचेच नाही. जायचे नाही म्हणून पाणी प्यायचे नाही. पुढ्यात चूल, वर सोलापूरचे ऊन, आणि साडेनऊ तास पाण्याचा घोट नाही. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितले. अव्वांनी दुपारी तीन ते पाच या दोन तासांत तांब्यामागून तांब्या असे तीन लिटर पाणी पिऊन टाकले आणि मला निरोप दिला, “डॉक्टरला सांग, झालं.” तीन लिटर दिवसभरात विभागून प्यायचे, हे त्यांना पुढच्या दीड महिन्यात मी किमान दहा वेळा सांगितले. प्रत्येक वेळी त्या “व्हय की” म्हणाल्या.

रुग्णाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, असा चाचणीचा नियम होता. अव्वांना तो लागू नव्हता. एका पंगतीत आठ माणसे बसत. कोणी बँकेतले, कोणी एसटीतले, कोणी गिरणीतले. आमटीचे भांडे घेऊन अव्वा रांगेतून यायच्या आणि माझ्या ताटापुढे थांबायच्या.

“तम्मा, माझ्या लघवीचं काय आलं रं?”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी खाली मान घालून नंतर सांगतो म्हणायचो.

“लाजतोस काय? जळजळ मला हाय, तुला न्हाय.”

आमटी वाढून त्या पुढे सरकायच्या. एसटीतले एक कंडक्टर होते. महिन्याभरात असे झाले, की पाटावर बसता बसता तेच मला विचारू लागले, आज सतरा नंबर कशी आहे.

गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची घरे होती. तिथल्या बायका दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसत आणि त्याच एका संडासाच्या भीतीने पाणी पीत नसत. त्यांनाही तीच तक्रार होती. डॉक्टरांच्या पहिल्या भेटीनंतर चौथ्या दिवशी अव्वांनी अशा सहा जणींना दोन टांग्यांत घालून रुग्णालयात आणले आणि डॉक्टरांच्या दारात रांगेने उभे केले. पुरेसे रुग्ण मिळत नाहीत ही डॉक्टरांची अडचण होती. ते पहिल्यांदाच मोकळेपणाने हसलेले मी तेव्हा पाहिले. सहा जणींना बावीस ते सत्तावीस हे नंबर मिळाले.

त्या दिवसापासून अव्वा चाचणीच्या देखरेख अधिकारी झाल्या. त्यांना तसे कुणी नेमले नव्हते. रोज चूल पेटवण्याआधी त्या सहा दारांत जाऊन उभ्या राहत. गोळी दाखव. गीळ. आ कर. त्यांना तेलुगू येत नव्हते आणि त्या बायकांना मराठी बेताचेच येत होते, तरी दहा दिवसांत एकही गोळी चुकली नाही. बाकीच्या रुग्णांच्या गोळ्या चुकत, हरवत, घरातल्या दुसऱ्याच कुणाला दिल्या जात. नोंदवहीत भवानी पेठेची सात पाने तेवढी स्वच्छ होती.

अडचण गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांची झाली. गोळ्या उरल्या का ते मोजण्यासाठी डबी परत आणायची होती. अव्वांनी डबी परत दिली ती शेंगाचटणीने भरून. मी विचारले, यात किती गोळ्या उरल्या होत्या? त्या म्हणाल्या, गोळ्या संपल्या, पण रिकामं भांडं परत कसं द्यायचं? दुसऱ्या दिवशी बावीस ते सत्तावीस या सहाही डब्या तशाच आल्या. त्या सहांची चटणी वेगळी होती, तिखट जास्त. मी नोंदवहीत ‘शिल्लक गोळ्या : शून्य’ असे सात वेळा लिहिले आणि डब्या घासायला दिल्या. यातून जे समजायला हवे होते, ते मला समजले नाही.

लघवीची पहिली बाटली रुग्णालयातच भरून घेत असू. पुढच्या दोन वेळी सकाळची पहिली लघवी हवी असे, म्हणून बाटली घरी द्यावी लागे. आदल्या संध्याकाळी मी बाटल्या घरोघर पोचवी आणि सकाळी सातला गोळा करून सायकलवरून प्रयोगशाळेत नेई. पहिल्या तपासणीत सातही जणींच्या लघवीत जंतू भरपूर होते. गोळ्या संपल्यावर सातही जणींच्या बाटल्या साफ निघाल्या. सहा आठवड्यांनीही तेच. इतर पेठांतले निकाल बरेवाईट होते. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ एकदा म्हणाले, भवानी पेठेच्या बाटल्यांना इस्पितळासारखा वास येतो. ते हसले. मीही हसलो.

फक्त अव्वांना बरे वाटत नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्यांना हुडहुडी भरून ताप आला. डॉक्टरांनी अहवाल पाहिला. लघवी साफ होती, म्हणून त्यांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला आणि पुन्हा आला. तो मंगळवार उजाडला तेव्हा अव्वा एका हाताने पाठ धरून बाकावर बसल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना अहवाल वाचून दाखवला, जंतू नाहीत म्हणाले, हा ताप दुसरा कसलातरी आहे म्हणाले.

“त्योच हाय,” अव्वा म्हणाल्या. “मला ठाव हाय कुटं दुखतंय.”

“अहवाल तसं म्हणत नाही.”

“मग तुमचा कागद बरा झाला. मी न्हाय.”

त्या गेल्यावर डॉक्टरांनी मला थांबवून घेतले. सुरुवातीला काढलेला अव्वांचा एक्स-रे त्यांनी उजेडापुढे धरला. डावे मूत्रपिंड आक्रसून लहान झाले होते. अव्वा उजव्यावर जगत होत्या. संसर्ग खरेच गेला असेल तर चिंता नव्हती. गेला नसेल तर तो उजव्यापर्यंत पोचायला वेळ लागणार नव्हता, आणि उजवे गेले तर करण्यासारखे सोलापुरात काही नव्हते. “पण बाटली साफ आहे,” डॉक्टर म्हणाले. ते दोनदा म्हणाले.

बुधवारी खानावळ बंद होती. अमावास्या सोडून ती बंद असल्याचे कुणी पाहिलेले नव्हते. दारापुढे अकरा माणसे उभी होती आणि एकमेकांना कारण विचारत होती. कंडक्टरांनी मला विचारले. मी अहवाल साफ असल्याचे सांगितले. ते म्हणाले, “मग भाकरी का नाही?”

गुरुवारी डॉक्टरांनी खातरी म्हणून आणखी एक बाटली मागवली. संध्याकाळी मी ती पोचवली आणि शुक्रवारी सातला आणायला गेलो. अव्वा तापामुळे उशिरा उठल्या होत्या, बाटली भरायची होती. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोरीत चोवीस नंबरची बाई उकिडवी बसून काहीतरी घासत होती. मी जवळ जाऊन पाहिले. ती आमची बाटली होती.

“अव्वा, हे काय चाललंय?”

“बाटली धुतीया ती. दिसंना?”

मी विचारले, ही आजच धुतली की दर वेळी धुता? अव्वांना प्रश्नच विचित्र वाटला. लोकांचे भांडे, ते काय तसेच वापरून परत द्यायचे? आधी राखेने घासायचे, मग कढत पाण्याने विसळायचे, आणि डॉक्टरकडे जाणार म्हणून शेवटी जखमा धुवायचे औषध आत फिरवायचे. ते औषध त्यांनी मुद्दाम आणून ठेवले होते.

“कार्डावर लिहिलंय, बाटलीच्या आत हात लावायचा नाही.”

“हात कुटं लावलाय? काडीला चिंधी बांधलीया की.”

“आणि तोंडाला कापसाचा बोळा होता तो?”

“त्यो टाकते. कुणी कोंबलाय, काय म्हाईत. नवा घालते, देवाच्या वातीच्या कापसाचा.”

“बाकीच्या सहा जणींच्या बाटल्या?”

“त्यांच्याबी मीच धुवून देत होते. त्यांना कुटं जमतंय नीट.” त्यांनी मोरीकडे बोट केले. “ही आज शिकाय लागलीया.”

म्हणजे लघवीतले जंतू गोळ्यांनी मेले, की राख, कढत पाणी आणि जखमेच्या औषधाने, हे सांगता येणार नव्हते. चौदा बाटल्या मी स्वतः सायकलवरून नेल्या होत्या. बदललेला बोळा माझ्या डोळ्यांपुढे चौदा वेळा होता.

हे मला आधी कळायला हवे होते, कारण मी त्या घरात दोन वर्षे जेवत होतो. बँकेतल्या एका गृहस्थांनी एकदा त्यांच्याकडून डबा नेला आणि तो नुसता पाण्याने खंगाळून परत केला. अव्वांनी तो डबा उघडा करून चार दिवस कट्ट्यावर ठेवला. येणारा जाणारा बघत होता. चौथ्या दिवशी गृहस्थ पत्नीला घेऊन आले. पत्नीने डबा घासला, त्यात चिवडा भरला आणि दिला. अव्वांनी त्यांना आत बोलावून जेवायला वाढले. डबा पुन्हा कधी दिला नाही.

मी बाटली काढून घेतली. ही चालणार नाही, दुसरी आणतो, ती धुवायची नाही, असे सांगितले. अव्वांनी डोळे मिटले.

“न धुता न्हाय जमायचं.”

“अव्वा, तुमचा ताप त्याच्यावर अवलंबून आहे.”

“असंल. त्या बाटलीत आदी कुणाकुणाचं भरलं असंल. त्यातच माझं घालून डॉक्टरच्या हातात द्यायचं? माझ्या घरची रीत न्हाय ती.”

“पण ती धुतलेली असते.”

“कोन धुतंय?”

“प्रयोगशाळेत. साबणाने धुतात, मग वाफेच्या पेटीत अर्धा तास ठेवतात.”

अव्वांनी डोळे उघडले. “अर्दा तास?”

“अर्धा तास.”

“दीड म्हैना झाला तम्मा. हे कुणी बोललं का मला?”

मी कार्ड काढून वाचले. कार्डावर पाच सूचना होत्या. बाटलीच्या आत हात लावू नये. बाटली स्वच्छ जागी ठेवावी. सकाळची पहिली लघवी घ्यावी. बोळा घट्ट बसवावा. सातच्या आत तयार ठेवावी. बाटली आधीच धुऊन जंतुरहित केलेली आहे, हे एकाही सूचनेत नव्हते. सूचना डॉक्टरांच्या होत्या, त्यांचे मराठी माझे होते.

“लई शिकल्याली मानसं तुमी,” अव्वा म्हणाल्या. “चल, दाव मला ती पेटी. मग बघू.”

टांगा करून त्यांना नेले. सात रस्ता चौकात टांगा अडकला तेव्हा त्या माझ्या खांद्यावर डोके टेकून होत्या आणि अंग भाजत होते. प्रयोगशाळेत मात्र त्या उभ्या राहिल्या. तंत्रज्ञांनी पेटी उघडून दाखवली. पाणी रोज बदलता का, किती वेळ ठेवता, घड्याळ लावता की अंदाजाने, हे सगळे त्यांनी विचारले. उत्तरे पटली. बाटल्यांच्या फळीवर धूळ आहे हे त्यांनी तंत्रज्ञांना दाखवले आणि ते फडके मारेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “आण बाटली.”

ती त्यांनी तिथेच, न धुता, भरून दिली.

सोमवारी निकाल आला. जंतू अगणित. चाचणीतल्या दोन्ही गोळ्यांना ते दाद देत नव्हते. एका इंजेक्शनला देत होते. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि आधीच्या बाटल्यांचे काय, असे विचारले. सगळ्या धुतलेल्या, असे मी सांगितले. त्यांच्या टेबलावर कंपनीच्या प्रतिनिधीला दाखवायचा तक्ता होता. भवानी पेठेच्या रकान्यात सातपैकी सात असे लिहिलेले होते. त्यांनी लाल शाईचे पेन उघडले, सात नावांवर रेघ मारली आणि शेरा घालायला सांगितला : नमुने निरुपयोगी. मी तो सात वेळा लिहिला आणि नोंदवही मिटली.

त्याच दुपारी ते स्वतः भवानी पेठेत आले. अव्वांना चाचणीतून काढल्याचे कळले होते आणि त्या रागावल्या होत्या. एकही गोळी चुकवली नाही, एकीलाही चुकवू दिली नाही, मग नाव कापले का? डॉक्टर दारातल्या पाटावर बसले.

“चूक आमची आहे,” ते म्हणाले. “सांगायला हवं होतं.”

“आता सांगितलंय न्हवं? कार्डात घाला.”

कार्डात सहावी सूचना घातली गेली : बाटली धुतलेली आहे, पुन्हा धुवू नये. छापण्याआधी अव्वांनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि ‘पुन्हा’च्या आधी ‘कृपा करून’ घालायला लावले.

इंजेक्शने दहा दिवस चालली. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सहा जणींच्या लघव्या रुग्णालयातच पुन्हा घेतल्या. दोघींच्या बाटलीत जंतू निघाले आणि त्यांनाही औषध सुरू झाले. त्या दोघींना रोज इंजेक्शनला घेऊन येण्याचे काम अव्वांनी अंगावर घेतले. नर्सने सुई उकळली का, हे त्या प्रत्येक वेळी विचारत. नर्सने माझ्याकडे तक्रार केली. मी ती पुढे पाठवली नाही.

बाराव्या दिवशी अव्वांची बाटली साफ निघाली. ती रुग्णालयात भरलेली होती. खानावळ दुसऱ्या दिवशी उघडली. पाण्याच्या बाबतीत त्यांनी डॉक्टरांचे ऐकले, नियम मात्र सोडला नाही. अकरा वाजता त्या चुलीवरून उठत, दोन तांबे पाणी पीत, गल्लीच्या टोकाला जाऊन येत, अंघोळ करत आणि मग पुढची भाकरी थापत. तोवर पंगत ताटे पुढे घेऊन बसून राही. कुणी कुरकुर केली तर कंडक्टर त्यांना गप्प करत.

पुढच्या एप्रिलमध्ये डॉक्टरांनी अव्वांचा पुन्हा एक्स-रे काढला. डावे मूत्रपिंड होते तेवढेच होते. उजवे पूर्ण निरोगी होते.